भाऊकाकांची साक्ष

माझ्या बाबांना भिलाई आवडली ती एका गोष्टीमुळे. इथे वस्तीला जात नव्हती, नंबर होता. आमच्या गावात, भंडाऱ्याकडे, घर कोणत्या बाजूला आहे एवढं सांगितलं की माणूस कोण ते कळायचं. इथे कोणी विचारलं तर बाबा म्हणायचे, "लाइन तीन, खोली सात," आणि विचारणारा मान हलवून पुढे जायचा. हे सांगताना त्यांच्या तोंडावर बारीकसं हसू यायचं.

ते साल अठ्ठावन्न होतं. रशियनांच्या मदतीनं पोलादाचा कारखाना उभा होत होता. बाबा एका ठेकेदाराकडे खलाशी होते. क्रेनला माल बांधायचा, तो वर जाईपर्यंत हातानं इशारे द्यायचे, जागेवर बसला की सोडवायचा, हे त्यांचं काम. त्यांचं नाव कवडू. दीड वर्षापूर्वी नागपूरला त्यांनी आणि मायनं दीक्षा घेतली होती. मीही होते, नऊ वर्षांची. गर्दीत हरवू नये म्हणून मायनं माझ्या फ्रॉकला आपल्या पदराची गाठ मारून ठेवली होती. त्याआधी बाबा चारचौघांसारखे प्यायचे. त्या दिवसानंतर त्यांनी दारूला हात लावला नाही.

शेजारच्या आठ नंबरच्या खोलीत भाऊराव राहायचे. वर्ध्याकडचे. ठेकेदाराचे हजेरीबाबू. संध्याकाळी ते बाजेवर बसून मोठ्यानं पेपर वाचायचे आणि बाबा समोर उकिडवे बसून ऐकायचे. मला अपूर्णांकांची गणितं भाऊरावांनीच शिकवली. मी त्यांना भाऊकाका म्हणायची. त्यांची वच्छला माझ्याच वर्गात होती. त्यांच्या घरी माझा एक कप होता, निळ्या काठाचा, खिडकीत वेगळा ठेवलेला. मला त्याचा मोठा अभिमान. आपलं येणंजाणं एवढं की आपल्या नावाचा कप ठेवलाय, असं मी मायला सांगितलं तेव्हा ती चुलीत फुंकर मारत राहिली.

मार्चमधला दिवस होता. सकाळची शाळा सुटल्यावर मी बाबांचा डबा घेऊन कामावर गेले. बाबा एका लांबलचक गर्डरपाशी उभे होते. हातात तारांचा जाड पिळलेला दोर. त्याला सगळे स्लिंग म्हणत. समोर ओव्हरसियर शामसुंदरबाबू, डोक्यावर पांढरी हॅट.

"साहब, इसके तार टूट रहे हैं," बाबा म्हणत होते. "हाथ लगाके देखो. इसपे गर्डर नहीं जाएगा."

"नया कल आएगा. आज इसीसे उठा. शाम को रूसी साहब देखने आनेवाले हैं. उनको गर्डर चढ़ा हुआ दिखना चाहिए."

"मैं नहीं बाँधूँगा, साहब. नीचे आदमी रहते हैं."

भाऊकाका हजेरीचं बुक काखेत धरून तिथंच उभे होते. ते हळूच म्हणाले, "बाबूजी, कवडू ठीक कह रहा है."

शामसुंदरबाबूंनी त्यांच्याकडे नुसतं पाहिलं. मग बाबांना म्हणाले, "तेरी रोटी आ गई न? जा, बैठके खा. बाँधनेवाले बहुत हैं." आणि त्यांनी चिंधूला हाक मारली.

चिंधू रिसालीकडच्या एका गावचा, चाळिशीचा माणूस. त्याचं शेत कारखान्यात गेलं होतं आणि आता तो त्याच जमिनीवर मजुरी करत होता. बाबांच्या हाताखाली तो माल बांधायला शिकला होता. आमच्याजवळून जाताना बाबा त्याला म्हणाले, "चिंधू, मत बाँध." तो म्हणाला, "का करबो भइया," काय करणार भाऊ, आणि थांबला. बाबांनी डब्यातली अर्धी भाकर त्याच्या हातात दिली. त्यानं ती तिथंच उभ्याउभ्या खाल्ली, हात धोतराला पुसले आणि गेला.

आम्ही मोठ्या पाइपांच्या सावलीत बसलो. बाबा, मी, आणि जरा बाजूला उलट्या पेटीवर भाऊकाका, आपला डबा उघडून. गर्डर वर निघाला. मी बाबांना विचारलं, मीठ बरोबर आहे का. त्यांचं लक्ष वर होतं. मग तोफेसारखा आवाज झाला.

बाबा उठून धावले. डाळ माझ्या पायावर सांडली. मीही उठले, पण भाऊकाकांनी मला धरलं आणि माझं तोंड आपल्या सदऱ्यात दाबलं. "नको पाहू बेटा. नको पाहू." त्यांच्या सदऱ्याला सुपारीचा वास होता. मी काहीच पाहिलं नाही. फक्त माणसं ओरडताना ऐकली आणि मग ओरडणं थांबलेलं ऐकलं.

चिंधू गेला होता.

दिवस मावळायच्या आत चौकीतले दोन शिपाई आमच्या लाइनीत आले. बाबा नुकतेच आंघोळ करून बसले होते. शिपाई म्हणाले, चल, दरोगानं बोलावलं. मायनं विचारलं, "कावून? काय केलं त्यायनं?"

त्यातला एक हसून म्हणाला, "शराब पीके रस्सी बाँधी. आदमी मार दिया. और क्या करता?"

मायला आधी समजलंच नाही. ती म्हणाली, "यायनं तं बांधलंच नाही." पण बाबांनी चपला घातल्या होत्या. जाताना ते मला म्हणाले, "लल्ले, भिऊ नको. भाऊराव होते तेथं. ते सांगतीन." एवढं बोलून ते शिपायांच्या मधे चालत गेले. लाइनीतल्या बाया दारात येऊन पाहत होत्या. त्यांतल्या कोणीतरी म्हटलेलं मला ऐकू आलं, "पितातच हे लोक."

रात्रीच्या आधी भय्याजी आले. ते आमच्या समाजातले वडीलधारे, पहिल्या लाइनीत राहायचे. बरोबर तीन-चार माणसं होती. भय्याजींनी मायला खाली बसवलं आणि शांतपणे विचारलं, "शेवंताबाई, तेथं होतं कोण कोण? कोणी पाह्यलं?"

"मी पाह्यलं," मी म्हटलं. "बाबा माह्यासंगं बसले होते. भाकर खाऊन राह्यले होते. बांधलं चिंधूनं, आन बांधाले शामसुंदरबाबूनं लावलं."

भय्याजींनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुले खोटं कोण म्हणते बाई? पण तू पोरगी हायेस कवडूची. तुहं नाही ऐकत कोणी. दुसरं कोण होतं?"

"भाऊकाका."

सगळ्यांनी एकमेकांकडे पाहिलं. भय्याजी म्हणाले, "भाऊराव बोलले तं मग गोष्ट वेगळी. ते शिकलेले, हजेरीबाबू. त्यायचं लिहून घ्याच लागीन."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मी आठ नंबरमध्ये गेले. भाऊकाका दाढी करत होते. आरशातून त्यांनी मला पाहिलं आणि त्यांचा हात थांबला.

"काका, तुमी सांगान ना? बाबा आपल्यासंगं बसले होते म्हणून?"

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. अन्नपूर्णाकाकू दारात उभ्या होत्या. भाऊकाका माझ्यासमोर वाकले आणि म्हणाले, "जे पाहिलं तेच सांगीन बेटा. मी काय खोटं बोलणार आहे? जाय, मायला सांग."

मी धावत आले. मायला सांगितलं. ती पहिल्यांदाच रडली.

तीन दिवसांनी चौकशी ठरली. दुर्गहून एक साहेब येणार होते. त्याच वेळी दुसरी एक बातमी कळली. चिंधूच्या बायकोच्या नावानं ठेकेदाराच्या हपिसात फिर्याद लिहिली जात होती. कवडूनं दारूच्या नशेत माझ्या नवऱ्याचा जीव घेतला, अशी. तिनं अंगठा दिला की बाबांना दुर्गच्या तुरुंगात नेतील, असं भय्याजी म्हणाले.

माय उठली. "मी जातो तिच्याकडे."

"शेवंताबाई, तेथं मयत झाली हाये. गावातले लोक तापले असतीन. तुमाले मारतीन."

"मारू द्या," माय म्हणाली आणि मला म्हणाली, "चाल."

ऊन चढायच्या आत आम्ही निघालो. रस्ता असा नव्हताच, मुरमाचे ढीग आणि ट्रकांच्या चाकोऱ्या. माय पुढे, मी मागे. गावात शिरताच लोक थांबून पाहायला लागले. कोणीतरी ओळखलं असावं. दहा-बारा माणसं आमच्या मागून चालायला लागली. एकानं विचारलं, "कोन हव तुमन?" मायनं वळून न पाहता सांगितलं, "कवडू की औरत हूँ." मागची पावलं जवळ आली. मी मायचा हात धरला.

चिंधूचं घर मातीचं, अंगण शेणानं सारवलेलं. त्याची बायको गुलाब भिंतीला टेकून बसली होती. हातांत बांगड्या नव्हत्या. माय तिच्यापासून चार हातांवर जमिनीवर बसली. मागचे लोक अंगणाच्या तोंडाशी उभे राहिले, वाट अडवून.

माय हिंदीत बोलायला लागली, पण तिला शब्द सापडेनात. दोनदा सुरुवात करून ती थांबली. गुलाबनं तिच्याकडे पाहिलंच नाही. ती माझ्याकडे पाहत होती.

"नोनी, तैं उहाँ रहे?" तिनं विचारलं. पोरी, तू तिथं होतीस का?

मी मान हलवली.

"तोर ददा बाँधिस?" तुझ्या बापानं बांधलं का?

"नाही," मी म्हटलं. मग हिंदीत सांगितलं, शाळेत सांगतो तसं, एकेक. दोर तुटका होता. बाबा नाही म्हणाले. साहेबांनी चिंधूकाकांना बांधायला लावलं. बाबा म्हणाले, मत बाँध. चिंधूकाका म्हणाले, का करबो भइया.

हे शब्द ऐकून गुलाबचा चेहरा हलला. तिच्या नवऱ्याची ती बोलायची पद्धत असावी. मागे कोणीतरी खोकलं. मग तिनं जे विचारलं त्याची मला कल्पनाच नव्हती.

"खाए रिहिस का कुछु?" काही खाल्लं होतं का त्यानं?

"हो," मी म्हटलं. "बाबांनी भाकर दिली. आधी. पूरी खाई."

गुलाबनं पदर तोंडावर घेतला. तिचे खांदे हलत होते. माय उठून तिच्याजवळ गेली, पण तिला हात लावायची मायची हिंमत झाली नाही. थोड्या वेळानं गुलाब पदराआडून म्हणाली, "जाव अब." आम्ही उठलो तशी अंगणाच्या तोंडाशी उभी असलेली माणसं बाजूला झाली. तिनं विश्वास ठेवला की नाही ते आम्हाला कळलं नाही.

चौकशीच्या आदल्या दिवशी दुपारी मी पुन्हा आठ नंबरमध्ये गेले. खरं तर जायची गरज नव्हती. पण सकाळी त्यांच्या दारात शामसुंदरबाबूंची जीप उभी होती आणि तेव्हापासून मायनं चूल पेटवली नव्हती.

भाऊकाका घरी नव्हते. वच्छला एकटी अभ्यास करत होती. मी पळत आले होते, घसा सुकला होता. पाणी दे म्हटलं. तिनं हाताशी होता तो पितळी पेला भरला आणि दिला. मी तो तोंडाला लावला तोच अन्नपूर्णाकाकू मागच्या दारातून आत आल्या.

"वच्छे, तिचा तिकडे आहे ना, खिडकीत," त्या म्हणाल्या. आवाज चढवला नाही त्यांनी. मी पेला खाली ठेवला. काकूंनी तो पदरानं धरून उचलला, मोरीवर नेला आणि राखेनं घासायला घेतला. वच्छला माझ्याकडे पाहत होती, मग तिनं वहीत मान घातली. मी खिडकीकडे पाहिलं. निळ्या काठाचा कप पालथा ठेवलेला होता. त्याच्याशेजारी दुसरं भांडं नव्हतं. कधीच नसायचं.

"काकू, काका उद्या सांगतीन ना?" मी विचारलं.

काकू घासत राहिल्या. पाठमोऱ्याच म्हणाल्या, "ललिता, आम्हालाही पोरगी आहे. तिचं पुढं सगळं व्हायचंय. तुम्हा लोकांसाठी त्यांनी नोकरी घालवायची का?"

मी घरी आले. मायनं विचारलं काय म्हणाले, तर मी सांगितलं, काका घरी नव्हते. बाकीचं मला सांगता येईना. ते कसं सांगायचं तेच माहीत नव्हतं. एवढे दिवस कपाची जी गोष्ट मी कौतुकानं सगळ्यांना सांगत फिरले, तिचा अर्थ मायला पहिल्या दिवशीच कळला होता, हे मात्र कळलं. आणि मला खूप लाज वाटली. मी काही केलं नव्हतं तरी.

चौकशी ठेकेदाराच्या टिनाच्या हपिसात होती. भय्याजी आणि आमची पंधरा-वीस माणसं बाहेर उन्हात उभी. मी आणि माय खिडकीशी. आत टेबलामागे दुर्गचे साहेब, बाजूला दरोगा, भिंतीशी शामसुंदरबाबू. बाबांना आणलं तेव्हा ते वाळल्यासारखे दिसत होते. दाढी वाढलेली. त्यांनी खिडकीकडे पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली. भाऊकाका दिसताच त्यांचा चेहरा निवळला. ते मी पाहिलं. ते पाहिलं नसतं तर बरं झालं असतं.

शामसुंदरबाबूंनी आपलं म्हणणं सांगितलं. दोर चांगला होता, बांधणारा नशेत होता. साहेबांनी बाबांना विचारलं. बाबांनी थोडक्यात सांगितलं आणि म्हणाले, "हजेरीबाबू से पूछिए. मेरे बाजू में बैठे थे."

भाऊकाका पुढे झाले. पांढरं धोतर, इस्त्रीचा सदरा. हात मागे बांधलेले. मला खिडकीतून त्यांची बोटं दिसत होती. एक बोट दुसऱ्याला चोळत होतं.

"आप वहाँ थे?"

"जी, मैं दूसरी तरफ हाजिरी ले रहा था."

"रस्सी किसने बाँधी, देखा?"

"नहीं साहब. मैंने नहीं देखा."

बाबांनी मान वर केली. साहेबांनी लिहून घेतलं आणि कागदावरून नजर न उचलता विचारलं, "यह आदमी पीता है?"

भाऊकाकांना थांबता आलं असतं. माहीत नाही म्हणता आलं असतं. ते नाही म्हणाले असते तरी त्यांचं काही बिघडलं नसतं. ते म्हणाले, "इन लोगों में तो पीते हैं साहब."

मी खिडकीपासून दाराकडे कधी गेले ते मला आठवत नाही. शिपायाच्या हाताखालून मी आत शिरले आणि भाऊकाकांसमोर उभी राहिले. मी मराठीत बोलले, कारण त्यांच्याशी मी मराठीतच बोलायची.

"काका, तुमी आमच्यासंगं बसले होते. तुमी पेटीवर होते. तुमी माहं तोंड झाकलं. म्हणाले, नको पाहू बेटा."

भाऊकाकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते साहेबांच्या टेबलाकडे पाहत राहिले. त्यांच्या कानशिलावरून घामाचा ओघळ उतरत होता.

"यह कौन है?" साहेबांनी विचारलं.

"इसीकी लड़की है," शामसुंदरबाबू म्हणाले. "सिखाके लाए हैं."

शिपायानं मला दंडाला धरून बाहेर नेलं. बाबा एवढंच म्हणाले, "हळू धरा तिले." मायनं मला जवळ ओढलं. भय्याजी आपल्या माणसांना पुढे येऊ देत नव्हते. दोन्ही हात पसरून ते म्हणत होते, "थांबा. आपण हात उचलला का त्यायले पाह्यजे तेच होते. थांबा."

मग गुलाबला आत नेलं. ती गावच्या कोतवालाबरोबर आली होती, पांढरं लुगडं नेसून. कारकुनानं शाईची डबी उघडली आणि कागद तिच्यासमोर सरकवला. तिनं हात पुढे केला नाही.

"एमा का लिखाय हे?"

कारकून म्हणाला, तेच लिहिलंय, तुझा माणूस कसा गेला ते.

"पढ़ के बता."

कारकुनानं शामसुंदरबाबूंकडे पाहिलं. साहेब म्हणाले, पढ़ो. त्यानं वाचलं. कवडूचं नाव आलं, दारू आली, दोर आला. गुलाबनं शेवटपर्यंत ऐकलं. मग तिनं हात पदराखाली घेतला.

"मोर आदमी बाँधिस," ती म्हणाली. "साहब बँधवाइस. अँगूठा नइ देवँव." बांधलं माझ्या माणसानं, बांधायला लावलं साहेबानं, अंगठा देणार नाही.

"तू तो वहाँ थी नहीं," शामसुंदरबाबू पुढे झाले. "तुझे किसने बताया?"

"ए नोनी बताइस," तिनं दाराकडे बोट दाखवलं. माझ्याकडे.

"बच्ची झूठ बोल रही है."

गुलाब त्यांच्याकडे वळली. बाकी सगळे त्यांच्यासमोर नजर खाली ठेवायचे. तिनं ठेवली नाही. "मोर आदमी रोटी खाके गिस. झूठ बोलइया ए बात काबर बताही?" खोटं बोलणारी ही गोष्ट कशाला सांगेल?

साहेबांनी टाक खाली ठेवला, पुन्हा उचलला. दरोग्याशी हळू आवाजात काही बोलले. कारकुनानं कागद पुन्हा एकदा तिच्याकडे सरकवला. तिनं तो परत सरकवला. उशिरापर्यंत तिला समजावलं, धमकावलं, कोतवालानंही सांगून पाहिलं. तिनं अंगठा दिला नाही.

अकराव्या दिवशी बाबा सुटले. फिर्याद नाही म्हणून मुकदमा झाला नाही. पण शामसुंदरबाबूंना कोणी काही विचारलं नाही. ते ठेकेदाराच्या दुसऱ्या कामावर गेले, हॅट आणि जीप घेऊन. चौकशीच्या कागदावर शेवटी काय लिहिलं ते आम्हाला कधी कळलं नाही. बाबांना कामावरून काढलं आणि खोली आठवड्यात रिकामी करायला सांगितली. भय्याजींच्या ओळखीनं कुम्हारीकडे रेल्वेच्या गँगमध्ये जागा मिळत होती. बाबा हो म्हणाले.

जायच्या आधी बाबा एकटे चिंधूच्या गावी जाऊन आले. काय बोलणं झालं ते त्यांनी सांगितलं नाही. घरी आले आणि पाय न धुता भिंतीकडे तोंड करून निजले.

सामान थोडंच होतं. बैलगाडीत भरत होतो तेव्हा भाऊकाका त्यांच्या दारात आले. चार पावलं पुढे आले आणि थांबले. ते खंगले होते, हे खरं. आठवडाभरात त्यांनी बाजेवर पेपर वाचला नव्हता.

"कवडू," ते म्हणाले. "माझा नाइलाज झाला. मला मुलगी आहे रे."

बाबा गाडीला दोर बांधत होते. त्यांनी गाठ पुरी केली, ओढून पाहिली. "मले बी हाये, बाबूजी," ते म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. ते आधी भाऊराव म्हणायचे, आता बाबूजी म्हणाले, एवढंच. वच्छला खिडकीत होती. मी तिला हात केला नाही. तिनंही केला नाही.

गाडी मोठ्या रस्त्याला लागल्यावर मी बाबांना विचारलं, "तुमाले राग नाही आला काय त्यायचा?"

बाबांनी बैलांचा कासरा सैल केला. माय मागे भांड्यांवर हात ठेवून बसली होती. ती ऐकत होती.

"चौकीत मले पाणी देत नव्हते," बाबा म्हणाले. "मी म्हणो, जाऊ दे, दोन दिवसाची गोष्ट हाये, भाऊराव येतीन. तिथला शिपाई हसे मले. म्हणे, कौन आएगा तेरे लिए? मी त्याले म्हटलं, तुले माहीत नाही, ते माणूस वेगळं हाये." ते थांबले. "अकरा दिवस चौकीत राह्यलो, त्याचं काही नाही. पण त्या शिपायाले बरोबर माहीत होतं, आन मले नव्हतं."

मला वाटायचं मोठ्या माणसांना सगळं आधीच माहीत असतं. कप मायला कळला होता, तसं. बाबांनाही भाऊकाका कळले असतील आणि त्यांनी फक्त मला धीर देण्यासाठी तसं म्हटलं असेल, असं मी धरून चालले होते. ते माझ्याइतकेच विश्वासून बसले होते, हे मला त्या गाडीत कळलं. लॉकअप, शिपाई, टिनाचं हपिस, कशाचीच मला एवढी भीती वाटली नव्हती.

दुपारी आम्ही कुम्हारीला पोहोचलो. रुळांच्या बाजूला गँगवाल्यांच्या खोल्यांची ओळ होती. एक माणूस कडुलिंबाखाली बसून फावड्याला दांडा बसवत होता. बाबांनी गाडी थांबवली आणि विचारलं, नवीन आलोय, मुकादम कुठं राहतो.

त्यानं आमच्याकडे पाहिलं, सामानाकडे पाहिलं. "कौन समाज के हो?"

"बौद्ध," बाबा म्हणाले. स्पष्ट, एका शब्दात.

त्या माणसानं हात लांब करून कोणती तरी खोली दाखवली. बाबा आणि माय तिकडे पाहत होते. मी पाहिलं नाही. मी त्या माणसाच्या तोंडाकडे पाहत होते.